प्रतिवादी क्रमांक दोन

२१ जानेवारी

कोर्टाच्या शिपायाने दार अर्धं उघडून डोकं बाहेर काढलं आणि तुमचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली. तो थोडा थांबला, दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना त्याने आवाज चढवला नाही. उलट खाली आणला, तुम्ही जवळच कुठे उभे असाल आणि चारचौघांत तुम्हाला ओशाळं करायचं नसेल तसा.

बाबा, मी बाकावरून उठले. का उठले ते सांगता येत नाही. आईने हात धरून मला खाली बसवलं.

"गैरहजर," शिपाई आत जाऊन म्हणाला. कुणीतरी ते लिहून घेतलं.

नंतर मी आमच्या वकीलबाईंना विचारलं, ज्याचा मृत्यू मान्य करून घ्यायचा त्यालाच बोलावतात का. त्या फायलीची फीत बांधत होत्या. म्हणाल्या, "मग कुणाला बोलावणार? प्रकरण त्यांच्याबद्दल आहे. त्यांचं म्हणणं ऐकायची तयारी दाखवल्याशिवाय त्यांना मेलेलं धरता येत नाही." त्या चेष्टा करत नव्हत्या.

या अपिलात लिफ्ट निरीक्षकांचं कार्यालय प्रतिवादी क्रमांक एक आहे. क्रमांक दोन तुम्ही.

तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नसणार, म्हणून सांगते. वर्कशॉपचा परवाना अजून तुमच्याच नावावर आहे. त्याची मुदत मार्चअखेर संपते. पुढे काम करायचं तर तो आईच्या नावावर व्हायला हवा. कार्यालय म्हणतं, दोनपैकी एक आणा, परवानाधारकाची सही नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला. सही मिळायची नाही. म्हणून आम्ही दुसरं मागायला आलो आहोत. मिळालं नाही तर एप्रिलपासून आईने कुठल्याही लिफ्टला हात लावला तर तो गुन्हा.

सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कायद्याने धरता येतं. तुम्हाला जाऊन नऊ झाली. सोपं असायला हवं होतं. पण खालच्या कोर्टात आम्ही हरलो. आईच्याच उत्तरांनी हरलो. ते आज लिहीत नाही.


२२ जानेवारी

तुमच्या नावाची नोटीस घेऊन बेलिफ घरी आला होता, ते सांगायचं राहिलं. शेवटचा ज्ञात पत्ता म्हणजे आपलंच घर. वर्कशॉपच्या बाजूच्या जिन्याने धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "गृहस्थ आहेत का?"

आई म्हणाली, "तेच तर कोर्टाला विचारलंय."

त्याने नोटीस आमच्या दारावर चिकटवली. तुमच्या पाटीच्या खाली, सरळ रेषेत. फार नीट माणूस होता. कोपरे अंगठ्याने दाबून बसवले. जाताना पाणी प्यायला आणि विचारलं, "कसे होते स्वभावाने?"

आई म्हणाली, "आहेत की होते, ते तुम्हीच लोक ठरवणार."

त्या दिवसापासून मला हे सगळं वेगळं दिसायला लागलं. आधी वाटायचं, परवान्यासाठी एक कागद हवा आहे आणि तो काढायला आम्ही खेटे घालतो आहोत. आता वाटतं की कुठेतरी एक फार मोठं, सावकाश चालणारं यंत्र आहे आणि ते तुम्हाला शोधतं आहे. आम्ही शोधायचं थांबवलं, ते आत्ता सुरुवात करतं आहे.

आत्याही येते. प्रत्येक तारखेला. ती कार्यालयाच्या लोकांबरोबर त्यांच्या बाकावर बसते, कारण खालच्या कोर्टात तिने त्यांच्या बाजूने साक्ष दिली. आई आणि ती एकमेकींशी बोलत नाहीत. बोलायचं असेल तर माझ्यामार्फत बोलतात, तिघी हाताच्या अंतरावर असताना.

काल आत्या मला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

आई म्हणाली, "तुझ्या आत्याला सांग, आम्ही लिफ्टने जातो."

मी कुणाला काही सांगितलं नाही. दोघींनाही ऐकू आलं होतं.


४ फेब्रुवारी

दोन न्यायमूर्ती आहेत. मी त्यांना मनात थोरल्या आणि धाकटे म्हणते. थोरल्या चष्मा कपाळावर ठेवतात आणि तो विसरून पुन्हा टेबलावर शोधतात. धाकटे सतत लिहितात. मी पहिल्यांदा आत शिरले तेव्हा वाटलं होतं, ही माणसं उंचावर बसतात ती धाक बसावा म्हणून. तसं नसावं. तिथून त्यांना सगळ्यांचे हात दिसतात.

त्या खोलीत सगळे एकाच पानावर असतात. कुणी "पान त्रेसष्ट" म्हणालं की एकदम सगळे कागद उलटतात, वर आणि खाली. मग शांतता. त्या पानावर तुम्ही असता.

सरकारी वकील तरुण आहे, सर्दीने बेजार, बोलायला मऊ. तो म्हणाला, "हा माणूस हरवलेला नाही. हा पळालेला आहे. ज्याला लपायचं कारण आहे त्याचं गप्प राहणं म्हणजे मृत्यू नव्हे."

मग त्याने ते सगळं वाचलं. तुम्ही तपासून दिलेली गोदामातली लिफ्ट, तुटलेला दोर, हमालाचा गेलेला पाय. निष्काळजीपणाबद्दल तुम्हाला झालेली शिक्षा, तुमचं अपील, जामीन. अपिलाच्या निकालाच्या आदल्या दिवशी तुम्ही घरातून निघून जाणं. मी हे कधी एका दमात ऐकलं नव्हतं. घरात आम्ही ते तुकड्यांनी बोलतो आणि मधले काही तुकडे गाळतो.

धाकट्यांनी लिहिणं थांबवलं. "अपिलात काय झालं?"

"निर्दोष सुटका. याच न्यायालयातून. तपासणीनंतर मालकाने चांगला दोर काढून त्या जागी जुना बसवला होता, असं सिद्ध झालं."

"म्हणजे लपायचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं."

"हो. त्याला कळलं असेल तर."

"आणि कळलं नसेल तर?" थोरल्यांनी विचारलं.

वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या, निकाल वर्तमानपत्रांत छापून आला होता, पहिल्या पानावर. हमालानेही मुलाखतीत तुमचं नाव चांगल्या अर्थाने घेतलं होतं. जिवंत माणसाच्या कानावर नऊ वर्षांत हे एकदाही पडू नये?

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बाबा. ज्या कागदाने तुम्हाला सोडवलं तोच आज तुम्ही नसल्याचा पुरावा आहे. परत यायला काही हरकत उरली नव्हती आणि तरी हा माणूस आला नाही, म्हणजे तो नाही. मी हे सगळीकडून दाबून पाहिलं. कुठे सैल लागलं नाही. तुम्ही दोर हातात घेऊन बोटांनी चाचपायचात, तसं.

आणि तरी मला ते खरं वाटलं नाही. निकालाला घाबरून तुम्ही गेलात असं मला कधीच वाटलं नव्हतं. निकाल काही लागला असता तरी हमालाचा पाय परत येणार नव्हता. हे मी वकीलबाईंना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर आमची बाजू लंगडी झाली असती.


५ फेब्रुवारी

या कोर्टात आम्हाला कुणी काही विचारत नाही. जे बोलायचं ते आम्ही खालच्या कोर्टात बोलून बसलो. इथे ते फक्त वाचतात. माणूस समोर बसलेला असतो आणि त्याच्या देखत त्याचे शब्द दुसरं कुणी वाचतं.

आज थोरल्यांनी आईची साक्ष वाचली. स्वतः, सपाट आवाजात.

तुमचे पती मरण पावले आहेत, असं तुमचं म्हणणं आहे का? माझं असं म्हणणं नाही. मग अर्ज कशासाठी केलात? परवान्यासाठी. ते जिवंत आहेत का? मी पाहिलेलं नाही. मरण पावले आहेत का? तेही पाहिलेलं नाही. दारावर पाटी अजून त्यांचीच आहे का? हो. त्यांच्या वस्तू? आहेत. बूट? दर वर्षी तेल लावते. का? चामडं आहे.

एवढ्यावर थोरल्या थांबल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ती ओळ पुन्हा मनात वाचली.

या उत्तरांवर आपण हरलो. खालच्या न्यायाधीशांनी लिहिलं की अर्जदार स्वतःच पतीला मृत मानत नाही, तर न्यायालयाने का मानावं. दुसरी कुणीही बाई "हो, गेले" म्हणून मोकळी झाली असती. वकीलबाईंनी तिला आदल्या दिवशी तासभर पढवलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

पण हे तुम्हीच लावून ठेवलंत ना. दोर हातात घेतल्याशिवाय सही नाही. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते तपासलं म्हणायचं नाही, मालक दारात उभा राहून घाई करत असला तरी. याच सवयीने त्या खटल्यात तुम्ही सुटलात. तुमच्या तपासणीचा शब्द न् शब्द खरा निघाला. आणि याच सवयीने आई हरली. तिने शपथेवर तुमची तपासणी केली आणि जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं.

मग आत्याची साक्ष निघाली. चार वर्षांपूर्वी फोन आला. पलीकडे कुणी बोललं नाही. श्वास ऐकू आला. तो माझ्या भावाचा श्वास होता. कशावरून? लहानपणी एका खोलीत झोपायचो. तुम्ही काय बोललात? काही खाल्लंस का, असं विचारलं. मग? मग त्याने फोन ठेवला.

धाकटे म्हणाले, "प्रश्न असा आहे की श्वास ही खबर आहे का."

कुणी हसलं नाही. अर्धा तास त्यावर बोलणं झालं. जुने निकाल काढले. कुणा खलाशाने पाठवलेलं रिकामं पाकीट, कुणा बाईने गर्दीत पाहिलेली पाठ. किती लोकांनी किती लोकांची वाट पाहिली आहे आणि ते सगळं कुणीतरी जपून, बांधून, अनुक्रमणिका लावून ठेवलं आहे. मला वाटायचं आमच्या घरात घडलं ते फक्त आमच्या घरात घडलं. त्या जाड पुस्तकांच्या पाठी पाहून माझी छाती दडपली. वाईट अर्थाने नव्हे. उंच इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वर पाहावं आणि शेंड्याला उजेडाचा एक चौकोन दिसावा, तसं काहीसं. लहानपणी तुम्ही मला एकदा दाखवला होतात.

बाहेर आत्या आमच्या बाकाच्या टोकाला येऊन टेकली. मग मला म्हणाली, "माझंच बोलणं, गं. पण ती बाई वाचत होती तेव्हा वाटलं, ही कोण म्हातारी, हिला कुणी समजावत कसं नाही."

आई शेजारीच होती. बाटलीतलं पाणी ती आधी स्वतः प्यायली आणि मग बाटली बाकावर ठेवली, आत्याचा हात पोचेल इतकी दूर.

"तुझ्या आईला सांग, मला तहान नाही," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने बाटली अर्धी झाली होती.


१९ फेब्रुवारी

युक्तिवाद संपले. निकाल राखून ठेवला आहे. म्हणजे ते दोघं तुम्हाला घरी घेऊन गेले आहेत.

खाली येताना कोर्टाच्या लिफ्टमध्ये आई एकदम ताठ झाली. ती लिफ्ट तुम्हीच बसवलेली, जाळीच्या दाराची. आता तिची देखभाल दुसरे करतात. लिफ्टवाल्याला म्हणाली, "ब्रेक नीट धरत नाही. दुसऱ्या मजल्याला वीतभर घसरते."

"साहेबांना सांगतो. तुम्ही यातल्या का?"

"हो."

"परवाना आहे?"

"नवऱ्याचा आहे."

"मग त्यांनाच पाठवा की."

आईला हसू आलं, बाबा. मी तिला इतकं हसताना फार दिवसांनी पाहिलं. लिफ्टवाला ओशाळून हसू लागला, आपण काय विनोद केला ते न कळता. तळमजल्यावर जाळी उघडली तरी ती हसत होती आणि मग डोळे पुसत होती, आणि बाहेर उभे असलेले वकील आम्ही उतरायची वाट पाहत होते.

मला विचाराल तर मी कशाची वाट पाहते ते मलाच नीट सांगता येत नाही. वकीलबाईंना मी सांगते की वर्कशॉप चालावं एवढंच. आणि ते खरं आहे. कामाची दोन माणसं आहेत, आई आहे, मी आहे. दुसरं काही आम्हाला येत नाही. पण प्रत्येक तारखेला शिपाई तिसऱ्यांदा पुकारतो आणि त्यानंतर जो क्षण जातो, त्यात मला वर्कशॉप आठवत नाही.

आम्ही जिंकलो तर तो क्षण पुन्हा येणार नाही. तुमचं नाव कुणी पुकारणार नाही.


११ मार्च

आज पुकारलं. निकालाच्या दिवशीही पुकारतात. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शिपायाने "गैरहजर" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा थोरल्यांनी हात किंचित वर केला. त्या दाराकडे पाहत होत्या. मग धाकट्यांनी पाहिलं, सरकारी वकिलाने पाहिलं, आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. बाहेर कुणाची तरी खुर्ची सरकली. दार तसंच राहिलं. थोरल्यांनी हात खाली घेतला.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी जमेल तेवढं लिहून घेतलं ते असं.

आत्याबद्दल: "साक्षीदार खोटं बोलते असं आम्ही म्हणत नाही. तिने ऐकलं ते मायेने ऐकलं. परंतु ज्या श्वासाने नाव सांगितलं नाही, त्याच्या आधारावर हा माणूस जिवंत आहे असं आम्हाला म्हणता येत नाही."

पळून जाण्याबद्दल: "हा माणूस का गेला याविषयी तर्क करण्यात आला. याच न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं आहे. निर्दोष माणसाच्या जाण्याला आम्ही पळणं म्हणू शकत नाही."

हे ऐकलंत तुम्ही? मी दुसऱ्यांदा वाचून घेतलं, नक्कल हातात आल्यावर. तुम्ही ऐकायला थांबला नव्हतात तो निकाल त्यांनी आज पुन्हा वाचला. तुमच्यासाठी.

आणि आईबद्दल: "मृत्यूवर पत्नीचा विश्वास असावा अशी कायद्याची अट नाही. आशा हा कुणाच्या जिवंत असण्याचा पुरावा नव्हे, आणि ती ठेवली म्हणून कुणाचा अर्जही फेटाळता येत नाही. अर्जदाराने जे पाहिलं नाही ते पाहिलं असं म्हणायला नकार दिला. खालच्या न्यायालयाने हे तिच्याविरुद्ध धरलं. आम्ही ते तिच्या बाजूने धरतो. बुटांविषयी तिने दिलेलं उत्तर आम्हाला पुरेसं वाटतं."

आई मांडीवर हात ठेवून बसली होती, शाळेत बसतात तशी.

"हा माणूस केव्हा, कुठे, कसा मरण पावला ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही ते ठरवत नाही. आम्ही इतकंच ठरवतो की त्याची वाट पाहण्यात अर्जदाराचा उदरनिर्वाह यापुढे अडकवून ठेवता येणार नाही. तो मृत आहे असं कायद्याने धरण्यात यावं. कार्यालयाचा आदेश रद्द. मुदत संपण्यापूर्वी परवाना अर्जदाराच्या नावे करावा."

वाटलं संपलं. वकीलबाई कागद आवरू लागल्या होत्या. थोरल्यांनी पान उलटलं.

"प्रतिवादी क्रमांक दोन कधीही उपस्थित झाल्यास त्यांना हा आदेश बदलून घेण्यासाठी या न्यायालयात अर्ज करता येईल. अशा अर्जाला मुदतीचं बंधन असणार नाही."

बाहेर आल्यावर वकीलबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं काम करते. इथे प्रत्येक गोष्टीला मुदत असते. एक दिवस उशीर झाला तर हात जोडावे लागतात. असं वाक्य मी पाहिलं नव्हतं."

म्हणजे आज दुपारपासून कायद्याने तुम्ही नाही. आणि त्याच कागदावर, त्याच सहीखाली, तुम्ही याल तेव्हा तुमचं ऐकून घेतलं जाईल असंही लिहिलं आहे. मी ती दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहते. त्यांनी कुठलंच खोडलेलं नाही. इतक्या उंचावर बसून त्यांना हे दिसलं आणि त्यांनी ते लिहून ठेवायचं धाडस केलं. आमच्या घरात हे कुणाला नऊ वर्षांत म्हणता आलं नव्हतं, की दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आत्या एकटीच जिन्याने गेली. आम्ही लिफ्टने उतरलो. दुसऱ्या मजल्याला ती घसरली नाही. कुणीतरी ब्रेक नीट केला होता.


१२ मार्च

सकाळी आत्या आली. आई दारातल्या स्टुलावर चढून तुमची पाटी पुसत होती. तिच्याखाली स्वतःची लावायला भोकं पाडून झाली होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चपला काढल्या आणि वर बघून आईला म्हणाली, "काही खाल्लंस का?"

आई म्हणाली, "नाही."

दोघी आत गेल्या. मी खाली जाऊन वर्कशॉप उघडलं.